घरचा हिशेब : ऐकण्याच्या खोलीचें मोल

गेल्या महिन्यांत या सदराकडे आलेल्या टपालांत एक पत्र असें होतें कीं, त्याचें उत्तर आम्ही त्याच दिवशीं लिहावयास बसलों आणि अर्धें लिहून कागद बाजूस सारला. प्रश्न पैशांचा दिसत होता. पण तो पैशांपुरता नव्हता. पत्रलेखक पुण्याचे. त्यांचा वडिलोपार्जित बंगला पुनर्विकासास गेला आणि नव्या इमारतींत दोघां भावांस शेजारशेजारचीं दोन घरें मिळालीं. मध्यें दार पाडून त्यांनीं चूल एकच ठेविली आहे. ही गोष्ट हल्लींच्या काळीं लिहून ठेवण्याजोगी, म्हणून लिहिली. दोघे भाऊ, दोघांच्या मंडळी, तीन मुलें आणि ७८ वर्षांच्या मातोश्री, असा आठ माणसांचा संसार.

सर्वांची सोय लागून एक खोली उरली. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंची १० फूट. धाकट्या बंधूंस ती संगीत ऐकण्यासाठीं हवी आहे. आणि ती आहे तशी नव्हे, तर त्याच एका कामासाठीं आंतून नव्यानें बांधलेली हवी आहे. त्यांच्यापाशीं नऊशेंहून अधिक तबकड्या आहेत. वीस वर्षें त्यांनीं त्या कानांस हेडफोन लावून, घरचीं माणसें निजल्यावर ऐकल्या. "दादा, मी आजवर कांहीं मागितलें नाहीं," एवढेंच ते बोलले आणि एका ठेकेदाराचें अंदाजपत्रक थोरल्यांच्या पुढें ठेवून उठून गेले. थोरल्यांचा आम्हांस प्रश्न असा, कीं हा खर्च घरच्या सामाईक शिलकींतून करावा काय? त्यांची स्वतःची कल्पना ही खोली मुलांच्या अभ्यासास व आल्यागेल्यास ठेवावी अशी होती. मातोश्रींचें गुडघ्याचें दुखणें वाढलें तर रात्रीं सोबतीस येणाऱ्या बाईसही तीच उपयोगी पडली असती.

अंदाजपत्रकाची नक्कल पत्रासोबत होती. भिंतींस व छतास आंतून दुसरें कवच, ५ लक्ष रुपये. मूळ फरशीवर रबराचे ठोकळे ठेवून त्यांवर तोललेली दुसरी जमीन, १ लक्ष २० हजार. एक दार, १ लक्ष ४० हजार. खिडकी कायमची बुजविणें, ५० हजार. आवाज न करणारें वातानुकूलन व ताज्या हवेची वाट, २ लक्ष १० हजार. आंतून लावावयाच्या ध्वनिशोषक चौकटी, १ लक्ष ८० हजार. विजेची स्वतंत्र जोडणी, ५० हजार. तज्ज्ञाचें मानधन, १ लक्ष. बेरीज १३ लक्ष ५० हजार होते, आणि तीवर १८ टक्के कर चढला म्हणजे १५ लक्ष ९३ हजार. यांत स्पीकर नाहींत, अँप्लिफायर नाहीं, तबकडी फिरविण्याचें यंत्रही नाहीं. तें सर्व धाकट्या बंधूंनीं आपल्या कमाईंतून पूर्वींच घेतलेलें आहे.

जी रक्कम या कागदावर कोठेंच नाहीं ती निराळी. कवच आंतून बसतें. तें चारी अंगांनीं सहा-सहा इंच जागा खातें. म्हणजे बारा बाय दहाची खोली अकरा बाय नऊची होते, आणि १२० चौरस फुटांचे ९९ राहतात. एकवीस चौरस फूट भिंतीच्या पोटांत गेले! त्यांच्या वस्तींत चौरस फुटास १४ हजारांचा भाव चालतो असें थोरले बंधू लिहितात. त्या भावानें ही गेलेली जागाच २ लक्ष ९४ हजारांची होते. सबंध खोलीचें मोल धरलें तर तें १६ लक्ष ८० हजार. तेव्हां धाकट्या बंधूंच्या कागदावरचे सोळा लक्ष म्हणजे खऱ्या खर्चाचा जेमतेम अर्धा भाग होय.

परंतु आमचें लक्ष बेरजेपेक्षां वांटणीकडे अधिक गेलें. अशा खोलींत दोन अगदीं भिन्न कामें एकाच नांवाखालीं चालतात. एक काम आवाज अडविण्याचें. आंतला बाहेर जाऊं नये, बाहेरचा आंत येऊं नये. दुसरें काम आवाज सुधारण्याचें. जो स्वर यंत्रांतून निघाला तो खोलीनें बिघडवूं नये. पुष्कळ सुशिक्षित माणसेंही या दोहोंची गल्लत करितात, आणि ठेकेदारांस ती दूर करण्याची घाई नसते. कवच, जमीन, दार, खिडकी आणि हवा हीं पांचही कामें अडविण्याचीं. त्यांची बेरीज करून पहावी; ती १० लक्ष २० हजार येते. सुधारण्याच्या वांट्यास आले ते १ लक्ष ८० हजार. म्हणजे संगीत चांगलें ऐकूं यावें यासाठीं जेवढे खर्चावयाचे, त्याच्या साडेपांच पटींहून अधिक रक्कम घरच्या माणसांचा आवाज आंत न यावा आणि आंतला त्यांच्या कानीं न जावा यासाठीं!

अडविणें इतकें महाग कां, हें समजून घेण्याजोगें आहे. आवाजास थोपवितें तें वजन. भिंतीचें वजन दुप्पट केलें तर हिशेबानें सहा डेसिबेल अधिक अडतात, प्रत्यक्षांत त्याहून थोडे कमीच. आणि आवाज कानांस निम्मा वाटावयास सुमारें दहा डेसिबेल कमी व्हावे लागतात. म्हणून एकच भिंत जाड करीत जाण्यांत अर्थ उरत नाहीं. दोन निराळ्या भिंती, मध्यें पोकळी, पोकळींत रॉकवूल, आणि दोहोंचा एकमेकींस कोठेंही स्पर्श नाहीं, अशी रचना करावी लागते. एक खिळा जरी या भिंतींतून त्या भिंतींत गेला तरी आवाजास पूल मिळाला. त्याहून नडते ती फट. भिंतीच्या शंभरांत एक भाग उघडा राहिला तर बाकीची भिंत काँक्रीटची असो कीं पोलादाची, वीस डेसिबेलांपलीकडे ती कांहीं अडवूं शकत नाहीं. तीन फुटी दाराखालीं अर्ध्या इंचाची फट ही दाराच्या क्षेत्रफळाच्या शेंकडा अर्ध्याहून जास्तच भरते. दारास १ लक्ष ४० हजार कां, याचें उत्तर या फटींत आहे. आणि सर्व फटी बुजविल्या म्हणजे श्वासाचा प्रश्न उभा राहतो! वैशाखांत बंद पेटींत माणूस बसणार किती वेळ? पंखा लावावा तर तोच घरघरतो. म्हणून पुन्हां दोन लक्ष दहा हजार.

आतां सुधारण्याच्या कामाकडे येऊं. येथें निसर्गानें एक गंमत करून ठेविली आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्यें ज्या स्वराची अर्धी लाट बरोबर मावते, तो स्वर त्या खोलींत घुमतो. बारा फुटांच्या लांबीस तो सेकंदाला ४७ कंपनांचा, दहा फुटांच्या रुंदीस साडेछप्पन्नांचा. या खोलीची उंचीही दहाच फूट असल्यामुळें साडेछप्पन्नांचा घुमारा दुहेरी होतो. लांबी, रुंदी व उंची तिन्ही सारख्या असलेली खोली याच कारणानें सर्वांत वाईट. आठ फुटी खोलींत हा घुमारा सत्तर कंपनांच्या आसपास येतो, आणि काळी एक पट्टींत लाविलेल्या तंबोऱ्याचा खर्ज जवळजवळ तेथेंच, ६९ कंपनांवर, असतो. ज्यांनीं लहान खोलींत तंबोऱ्याची तबकडी ऐकून 'यंत्र फुगलें आहे' अशी तक्रार केली असेल त्यांनीं यंत्रास उगाच दोष दिला. फुगली होती ती खोली.

मौज अशी कीं, अडविण्याचें काम जितकें चोख, तितका हा खर्जाचा घोळ वाढतो. साध्या घराच्या हलक्या दारांतून, खिडकींतून खर्जाचा बराच भाग निसटून जातो. दहा लक्ष खर्चून त्याच्या वाटा बंद केल्या म्हणजे तो आंतच कोंडून राहतो, आणि त्याला शोषण्यासाठीं कोपऱ्याकोपऱ्यांत जाडजूड गाद्या भराव्या लागतात. भिंतीवर अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटविण्याची एक टूम मुलांमध्यें आहे. तिनें वरच्या स्वरांवर किंचित् परिणाम होत असेल, खर्जावर मुळींच नाहीं, आणि अडविण्याच्या कामीं तर ते असून नसून सारखे. पन्नास कंपनांच्या स्वराची लाट साडेबावीस फूट लांब असते. तिला एक इंचाचा कागदी ट्रे काय करणार!

या शास्त्राचा जन्मही एका बिघडलेल्या खोलीपायींच झाला. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत फॉग कलासंग्रहालयाचें व्याख्यानगृह १८९५ सालीं नवें बांधलें होतें. परंतु तेथें उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही, आणि श्रोत्यांस कांहींच समजत नसे. तें दुरुस्त करण्याचें काम वॉलेस सॅबिन नांवाच्या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकाकडे आलें. त्यांनीं एक ऑर्गनची नळी व एक घड्याळ घेतलें, शेजारच्या सँडर्स नाट्यगृहांतील खुर्च्यांच्या गाद्या रात्रीं वाहून आणिल्या, आणि किती गाद्यांनीं घुमणें किती कमी होतें हें शहर शांत असतां मोजलें. ध्वनि शोषण्याचें माप त्यांनीं ठरविलें तें मोठें सुबोध आहे: उघडी खिडकी. खिडकींतून गेलेला आवाज परत येत नाहीं, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी हें एक एकक. त्यांच्या मोजणीप्रमाणें श्रोत्यांतील एक माणूस सुमारें पांच चौरस फूट उघड्या खिडकीइतका ध्वनि शोषतो. पुढें याच ज्ञानाच्या आधारें बॉस्टनचें सिंफनी हॉल उभें राहिलें, तें १९०० सालीं.

हें वाचल्यावर आम्हांस हंसूं आलें. आपल्या पत्रलेखकांच्या घरीं आठ माणसें. आठ पंचे चाळीस चौरस फुटांची ध्वनिशोषक सामग्री घरांत फुकट हिंडते आहे, आणि अंदाजपत्रक तिलाच बाहेर ठेवण्यासाठीं दहा लक्ष मागतें आहे! खर्जावर माणसांचा इलाज चालत नाहीं हें खरें. पण गाण्याचे जुने दिवाणखाने आठवावेत. खालीं जाजम, जाजमावर गाद्या, लोड, तक्के, आणि त्यांवर दाटीनें बसलेलीं पन्नास माणसें. तेथें ठेकेदार कोणी बोलाविला नव्हता.

ही हौस कोठवर जाऊं शकते याचें एक उदाहरण अमेरिकेंत घडलें. व्हर्जिनिया राज्यांतील रिचमंड शहराजवळ राहणारे केन फ्रिट्झ हे गृहस्थ जगांतील सर्वोत्तम श्रवणयंत्र आपल्या घरीं असावें या ध्यासानें पछाडले. कित्येक दशकें त्यांनीं घराचा विस्तार करून सुमारें १६५० चौरस फुटांची श्रवणशाळा उभारली. माणसाहून उंच स्पीकर स्वतः घडविले, तबकडीचें अजस्र यंत्र स्वतः रचलें. एकूण खर्च दहा लक्ष डॉलरांच्या घरांत गेला. मुलांच्या सुट्ट्याही या बांधकामांत खर्ची पडल्या असें त्यांच्यावरील वृत्तांत नमूद आहे. २०२१ सालीं त्यांच्या या उद्योगावर एक माहितीपट निघाला, आणि २०२२ सालीं स्नायू निकामी करणाऱ्या दुखण्यानें त्यांचें निधन झालें. पुढें ती सर्व सामग्री लिलावांत विकली गेली, तेव्हां आले ते अवघे १ लक्ष ५६ हजार डॉलर. फ्रिट्झ यांस नांवें ठेवावीं असा आमचा हेतु नाहीं. ज्यानें स्वतःच्या हातांनीं स्पीकर घडविला त्याच्या आनंदाचा लिलाव होत नसतो. पण यंत्राचे सुटे भाग निदान कोणीतरी घेतो, खोलीचे कोणी घेत नाहीं, हें प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवावें. दोन फळ्यांची भिंत उद्यां मोडली तर तिचा भाव मातीचा.

जपानांत याच्याही पुढची तऱ्हा आहे. शेजाऱ्यांच्या उपकरणांनीं वीज दूषित होते म्हणून तेथील कांहीं शौकीन अंगणांत केवळ आपल्या यंत्रासाठीं विजेचा स्वतंत्र खांब उभारतात. तथापि त्याच जपानांत दुसरीही एक रीत आहे, आणि ती आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. तबकड्या व चांगलीं यंत्रें सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेर होतीं त्या काळीं तेथें अशीं उपाहारगृहें निघालीं कीं, पेलाभर कॉफी घ्यावी आणि उत्तम यंत्रावर संगीत ऐकत बसावें. तोक्योच्या शिबुया भागांतील 'लायन' हें १९२६ सालचें. तेथें गप्पा मारावयाच्या नाहींत असा दंडक आहे. एक खोली आणि ऐकणारे शेंकडो, असा हा हिशेब.

असो. अर्धें लिहिलेलें उत्तर बाजूस ठेवून आम्ही एका रविवारीं त्या घरीं जाऊन आलों. जाण्यापूर्वीं आमचें मत जवळजवळ ठरलें होतें, कीं धाकट्यांची मागणी ही चैन आहे व तसें सौम्य शब्दांत कळवावें. तेथें गेल्यावर तें मत टिकलें नाहीं. चहाच्या वेळीं सहज कळलें कीं, तीन वर्षांपूर्वीं थोरल्यांची मोटार सामाईक शिलकींतूनच आली, आणि तिला त्या घरांत कोणी चैन म्हटलें नाहीं. ज्या भावानें वीस वर्षें इतरांची झोंप मोडूं नये म्हणून कान बंद करून गाणें ऐकलें, त्याचा घरच्या पैशांवर हक्क नाहीं असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. हें आम्हीं थोरल्यांस तेथेंच स्पष्ट सांगितलें. ते कांहीं वेळ गप्प राहिले, आणि मग "खरें आहे" म्हणाले.

मातोश्री दिवाणखान्यांत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांस अलीकडे कमी ऐकूं येतें. खोलीच्या वादाची त्यांस पूर्ण कल्पना होती. त्या धाकट्यांस म्हणाल्या, "अरे, तूं दार लावून बसलास तर मला कसें ऐकूं येणार? मला ऐकूं येईल असें लाव, म्हणजे झालें." धाकट्यांनीं आमच्याकडे पाहिलें. वीस वर्षांत आईला त्या तबकड्या ऐकावयाच्या असतील ही शंका त्यांस शिवली नव्हती, असें त्यांच्या मुद्रेवरून दिसलें.

त्यानंतर दोन तास आम्ही दिवाणखान्यांत स्पीकर सरकवीत होतों. खोली १८ फूट लांब, १३ फूट रुंद. म्हणजे त्या बारा बाय दहाच्या पेटीपेक्षां कितीतरी बरी. स्पीकर कोपऱ्यांतून काढून भिंतीपासून अडीच फूट पुढें आणिले, तों खर्जाचा गदारोळ निम्मा झाला. ऐकणाराची बैठक मागच्या भिंतीस टेकलेली होती. ती पुढें घेतली, पण खोलीच्या बरोबर मध्यावर येऊं दिली नाहीं, कारण तेथें खालचा स्वर नाहींसा होतो. थोरल्या वहिनींनीं हातांत आरसा घेऊन बाजूच्या भिंतीवरून फिरविला. बैठकीवरून पाहतां आरशांत जेथें स्पीकर दिसला तेथें खुणा केल्या. आवाज भिंतीवर आपटून कानीं येतो तो त्याच जागेवरून, म्हणून शोषक चौकट तेथें लावावयाची. बोळांतलें पुस्तकांचें कपाट मागच्या भिंतीस आलें. माळ्यावरचें जाजम खालीं उतरलें.

आमचें लेखी उत्तर त्यानंतर गेलें. चार इंच जाडीच्या रॉकवुलाच्या, कापडानें मढविलेल्या सहा चौकटी सुताराकडून करवून घ्याव्या, २७ हजार. कापड घट्ट विणीचें असावें, म्हणजे तंतु हवेंत उडत नाहींत. दिवाणखान्याच्या दारास रबराची पट्टी व खालीं पडणारी फटबंदी, ६ हजार. हे ३३ हजार सामाईक शिलकींतून द्यावे. रात्रीं दहानंतर निवासी वस्तींत आवाजाची कायदेशीर मर्यादा ५५ डेसिबेलांवरून ४५ वर उतरते. तेव्हां आठ ते दहा ही वेळ घरानें धाकट्यांस द्यावी, आणि त्या वेळांत दूरदर्शनसंच बंद राहावा. ही अट दिसते तितकी लहान नाहीं. त्या घरांत तिच्यावर चौकटींपेक्षां अधिक चर्चा झाली. उरलेली खोली मुलांना व पाहुण्यांना.

ज्या घरीं कोणी रोज तबला घोटतो, किंवा मुलें शिकवितो, किंवा ज्याचें पोटच ध्वनिमुद्रणावर आहे, त्या घरास आमचें हें उत्तर लागू नाहीं. तेथें अडविणें हीच गरज असते आणि दहा लक्ष तेथें खुशाल खर्चावे; मात्र प्रथम दार चांगलें करावें, भिंतीचें मागाहून पाहावें.

परवां धाकट्या बंधूंचें पत्र आलें. चौकटी लागल्या, घुमारा पुष्कळ कमी झाला, वेळ ठरल्याप्रमाणें पाळली जाते. तक्रार एकच. मातोश्रींनीं आपली खुर्ची डाव्या स्पीकरच्या अगदीं पुढ्यांत ओढून घेतली आहे व ती त्या हलवूं देत नाहींत. त्यामुळें डावीउजवीचा तोल राहत नाहीं. उजवा स्पीकर किती इंच पुढें घ्यावा, असें त्यांनीं विचारलें आहे. आम्हीं सहा इंच कळविलें आहे.